कोऱ्या कॅनव्हासची किंमत : रायगड किनाऱ्यावरील कला आणि अस्थिर श्रम

मराठी कलासमीक्षेने कलाकृतीच्या आकाराचा, आशयाचा आणि शैलीच्या उगमाचा विचार बऱ्यापैकी केला आहे. कलावंताचे पोट कशावर चालते, हा प्रश्न मात्र तिने चरित्रकारांवर सोपवला आणि चरित्रकारांनी तो बहुधा एका परिच्छेदात उरकला. 'प्रतिकूल परिस्थितीशी झगडत' ही त्या परिच्छेदाची ठरलेली भाषा होय. या भाषेत दारिद्र्य हा कलावंताच्या निष्ठेचा पुरावा ठरतो. ते कोणत्या व्यवस्थेतून निर्माण झाले, याची चौकशी होत नाही. शिवाय ही सहानुभूती ज्याला आपण 'कलावंत' म्हणतो त्याच्याच वाट्याला येते. ज्याला 'कारागीर' म्हटले, त्याच्या अस्थिरतेची नोंद कलाविषयक लेखनात न होता बाजारभावाच्या बातम्यांत होते.

प्रस्तुत लेखाचा विषय ही अस्थिरता हाच आहे आणि त्यासाठी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याचा एक लहानसा पट्टा निवडला आहे. अलिबाग तालुक्यातील सासवणे हे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचे गाव. त्याच तालुक्यातील नागाव हे चित्रकार प्रभाकर बरवे यांचे जन्मस्थान. या दोन्ही गावांच्या पूर्वेस, धरमतर खाडीच्या पलीकडे पेण आणि हमरापूर, जोहे ही गणेशमूर्तींच्या कारखान्यांची गावे. तिन्ही ठिकाणे एका दिवसात पाहून होतात. कलेच्या इतिहासात मात्र ती एकमेकांपासून फार दूर आहेत. पहिली दोन दृश्यकलेच्या कोशात सापडतात, तिसरे 'हस्तव्यवसाय' या सदरात.

अस्थिर श्रमाविषयी पाश्चात्य विद्यापीठांतून गेल्या दोन-तीन दशकांत विपुल लेखन झाले. गाय स्टँडिंग यांनी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कायम नोकरी, निवृत्तिवेतन व व्यावसायिक ओळख यांपैकी कशाचीच शाश्वती नसलेल्या वर्गाला स्वतंत्र नाव दिले. हान्स अ‍ॅबिंग हे स्वतः चित्रकार आणि अर्थशास्त्रज्ञ. कलावंत गरीब का असतात, असा सरळ प्रश्न त्यांनी २००२ मधील ग्रंथात विचारला आणि कलेभोवतीचे पावित्र्याचे वलयच अल्प मोबदला स्वीकारायला भाग पाडते, असे उत्तर दिले. ग्रेगरी शोलेट यांनी कलाविश्वाला तोलून धरणाऱ्या अदृश्य, अनामिक कलावंतांच्या समूहाला खगोलशास्त्रातील कृष्णद्रव्याची उपमा दिली. हे सारे उपयुक्त आहे. पण स्टँडिंग यांच्या मांडणीमागे एक गृहीतक आहे: पूर्वी स्थिरता होती आणि आता ती गेली. खारेपाटातील शेतकऱ्याला किंवा मूर्तिकाराला हे वाक्य आपले वाटणार नाही. त्याच्याकडे गमावण्याजोगी कायम नोकरी कधी नव्हतीच. शोलेट यांची उपमाही इथे पुरती लागू पडत नाही, कारण पेणचा कारागीर कलादालनाच्या दाराशी ताटकळत उभा नाही. त्याला त्या दारातून आत जायचेच नाही. त्याला चतुर्थीपूर्वी माल हलवायचा आहे.

करमरकरांपासून आरंभ करणे सोयीचे होईल. त्यांचा जन्म १८९१ चा. घरात गणपती घडविण्याचे काम चाले आणि मातीची पहिली ओळख तिथेच झाली. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र ऑटो रॉथफील्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडले आणि त्याच्या साहाय्याने हा मुलगा मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत पोहोचला. पुढे कलकत्ता, लंडन, आणि १९२८ साली पुण्यात अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा. ही कथा आपण गुणवत्तेच्या विजयाची म्हणून सांगतो. ती तशी आहेच. तथापि, एका जिल्ह्यातील मूर्ती घडविणाऱ्या असंख्य मुलांपैकी एकाच्या भिंतीपुढे एक अधिकारी थांबतो, हा योगायोग त्या कथेचा सांधा आहे, आणि योगायोगावर उभ्या असलेल्या व्यवस्थेला व्यवस्था म्हणणे कठीण आहे.

सासवणे येथील त्यांच्या घरातील संग्रहालयात सिमेंटमध्ये घडविलेली बरीच शिल्पे आहेत. त्यांतील माणसे आणि जनावरे साधी, परिचित, गावातली आहेत. ब्राँझ ओतायचे तर आधी कोणीतरी पैसे मोजलेले असावे लागतात: संस्थानिक, स्मारक समिती, नगरपालिका. सिमेंटला तितकी वाट पाहावी लागत नाही. या शिल्पांचे कौतुक करताना माध्यमाच्या निवडीकडे केवळ सौंदर्यदृष्टीने पाहिले जाते. मागणीवाचून, स्वतःच्या हौसेने घडविण्यासाठी कोणते द्रव्य परवडते, हाही त्या निवडीचा एक अर्थ असू शकतो, एवढेच इथे सुचवायचे आहे.

बरवे यांच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, म्हणून तिथे थोडे थांबावे लागेल. १९३६ साली नागावला जन्मलेल्या बरवे यांनी १९५९ मध्ये सर ज. जी. कलाशाळेतील शिक्षण पूर्ण केले आणि १९६१ पासून सुमारे दोन दशके त्यांनी शासनाच्या विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. हातमागाच्या वस्त्रांना नवे आकृतिबंध मिळावेत या हेतूने पन्नासच्या दशकात ही केंद्रे निघाली. पुपुल जयकर यांची दृष्टी त्यामागे होती. के. जी. सुब्रमण्यन मुंबईच्या केंद्रात काही काळ उपसंचालक होते, अंबादास यांनीही विणकर सेवा केंद्रात काम केले. स्वातंत्र्योत्तर भारतीय चित्रकलेतील किती महत्त्वाची नावे या एका सरकारी खात्याच्या हजेरीपटावर होती, हे पाहिले की आधुनिक कलेचा इतिहास केवळ गट, जाहीरनामे आणि प्रदर्शने यांचा नसून पगारपत्रकांचाही आहे, असे वाटू लागते.

नोकरीच्या आरंभीची काही वर्षे बरवे वाराणसीत होते आणि तिथल्या वास्तव्याचा त्यांच्या तांत्रिक प्रतिमांशी असलेला संबंध समीक्षकांनी वारंवार दाखविला आहे. पण ते वाराणसीला साधक म्हणून गेले नव्हते, केंद्राच्या कामानिमित्त गेले होते. ही गोष्ट आपण वाक्याच्या पूर्वार्धात सांगतो आणि उत्तरार्धात विसरतो. त्यांच्या पुढील चित्रांत सपाट रंगक्षेत्रे आणि अवकाशात सुटी ठेवलेली वस्तुरूपे येतात: घड्याळ, पान, किल्ली. वस्त्रासाठी आकृतिबंध रेखणाऱ्या हाताला सपाट पृष्ठभाग आणि सुटा आकार यांचा रोजचा सराव असतो. त्यामुळे या दोहोंत नाते शोधणे अयोग्य ठरू नये. घड्याळात कचेरीची वेळ शोधणे मात्र सवंग होईल. तो मोह टाळलेला बरा.

१९९० साली प्रसिद्ध झालेले 'कोरा कॅनव्हास' हे बरवे यांचे पुस्तक मराठीतील कलाचिंतनात फार वरच्या जागी ठेवावे लागते. चित्रकाराने स्वतःच्या निर्मितिप्रक्रियेकडे इतक्या शांतपणे आणि परिभाषेचा बडिवार न माजवता पाहिल्याची उदाहरणे आपल्याकडे थोडी आहेत. पुस्तकाचा रोख प्रतिमा, आकार, अवकाश यांच्याकडे आहे आणि तो तसा असण्यात गैर काही नाही. लेखकाने कशावर लिहावे, हे समीक्षकाने सांगू नये. परंतु त्याच्या शीर्षकातील कोरेपण आपण वाचक फार सहज स्वीकारतो. कॅनव्हास कोरा राहू शकतो, त्याच्यापुढे दिवसचे दिवस बसता येते, काही सुचले नाही तर तसेच उठता येते. हे तेव्हाच शक्य होते, जेव्हा महिन्याच्या अखेरीस दुसरीकडून काही येणार असते. बरवे यांना ती मुभा सरकारी नोकरीने दिली. नोकरीने त्यांचा वेळ घेतलाही असेल, परंतु बाजाराच्या मागणीप्रमाणे चित्र बदलण्याची सक्ती त्यांच्यावर येऊ दिली नाही. त्यांच्या चित्रांचा अलिप्तपणा हा केवळ स्वभावाचा गुण नव्हे; त्याला आर्थिक आधार होता. असे म्हटल्याने त्या चित्रांचे मोल कमी होत नाही. फक्त स्वातंत्र्य आणि स्थैर्य यांना परस्परविरोधी मानण्याची आपली जुनी सवय त्याने तपासली जाते.

त्यांच्या निधनानंतर सुमारे तेवीस वर्षांनी, २०१९ मध्ये, मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. उद्घाटनप्रसंगी अमोल पालेकर संग्रहालयाच्या स्थानिक सल्लागार समित्या बरखास्त करण्याविषयी बोलू लागले, तेव्हा त्यांना अडविण्यात आले. त्या प्रसंगाची चर्चा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने झाली, ते योग्यच. पण कलेचा आश्रयदाता म्हणून शासन कुठे उभे आहे, हा प्रश्नही त्या दालनात होता. ज्या शासनाने एकेकाळी चित्रकाराला पगार दिला, ते आता त्याला भिंत देते आणि त्या भिंतीवर काय लागावे हे ठरविणारी स्थानिक समितीही मोडते.

आता पेण. येथील मूर्तिकलेच्या आरंभाशी देवधर घराण्याचे नाव जोडले जाते. १८९३ नंतर सार्वजनिक उत्सवाने मागणी वाढविली. पेण शहरात शाडूची परंपरा जुनी. पुढे प्लास्टर ऑफ पॅरिस आले आणि हमरापूर, जोहे या परिसरात कारखान्यांची संख्या झपाट्याने वाढली. कारण साधे आहे. शाडूची मूर्ती वाळायला दिवस घेते, तडकते, वजनाने जड असते आणि सराईत हात मागते. प्लास्टर साच्यात ओतले की काही मिनिटांत धरते. एकपिकी भातशेतीच्या या भागात कापणीनंतर रिकाम्या राहणाऱ्या हातांना त्यामुळे काम मिळाले. पर्यावरणाच्या चर्चेत प्लास्टर हा केवळ खलनायक असतो. खारेपाटातील घरांना तो रोजगार म्हणून ठाऊक आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

कारखान्यातील कामाची विभागणी पाहण्यासारखी असते. नमुना घडविणारा एक, त्यावरून रबरी साचा काढणारा दुसरा, ओतकाम करणारे वेगळे, काथ्या लावणारे वेगळे. घासकामाला आणि रंगाच्या पहिल्या हातांना पुष्कळदा स्त्रिया. शेवटी डोळ्यांची आखणी. हे काम कारखान्यातील सर्वांत कसबी माणसाकडे जाते, कारण मूर्ती विकली जाते ती नजरेवर. कित्येक मूर्ती रंगविल्याशिवाय, कच्च्या स्वरूपातच, दुसऱ्या गावच्या रंगाऱ्यांकडे रवाना होतात. मजुरी बव्हंशी नगावर किंवा रोजावर, आणि हंगामाच्या तोंडाशी उचल. मालक हा या साखळीत सुखी आहे असेही नाही. त्याने वर्षाच्या आरंभी कर्ज काढून कच्चा माल भरलेला असतो. व्यापारी थोडी रक्कम आगाऊ देऊन मागणी नोंदवतो, उरलेली अनेकदा माल खपल्यावर येते. म्हणजे बाजारातील प्रत्येक धोका वरून खाली सरकत शेवटी घासकाम करणाऱ्या बाईच्या रोजापर्यंत पोहोचतो. या तालुक्यात पतपुरवठ्याची स्मृतीही सुखद नाही. सप्टेंबर २०१० मध्ये पेण अर्बन सहकारी बँकेच्या व्यवहारांवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, पुढे तिचा परवानाच रद्द झाला आणि ठेवीदारांना वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले.

या धंद्याला एकच तारीख असते. कापड पडून राहिले तर पुढल्या महिन्यात विकता येते; चतुर्थीच्या सकाळी न विकलेली मूर्ती ही वर्षभर जागा अडविणारी वस्तू होते. त्यातून तिचे सारे अखेरचे संस्कार ऐन पावसाळ्यात करावे लागतात, आणि न भाजलेली माती पाण्याला शरण जाते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीसारखा एक दिवस कारखान्याची अनेक महिन्यांची मेहनत पुन्हा चिखल करू शकतो.

२०२० या वर्षी जे घडले ते या अस्थिरतेचा जणू नकाशाच होता. मार्चमध्ये टाळेबंदी. मे महिन्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी घालणारी सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि थोड्याच दिवसांत तिची अंमलबजावणी वर्षभर पुढे ढकलण्यात आली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. जुलैमध्ये राज्य शासनाने सार्वजनिक मूर्तीला चार फूट आणि घरगुती मूर्तीला दोन फूट अशी उंचीची मर्यादा घातली. चतुर्थी होती २२ ऑगस्टला. साथीच्या काळात गर्दी टाळण्यासाठी ती मर्यादा समर्थनीय होती, याविषयी वाद नाही. पण उंच मूर्ती तोवर घडून उभ्या होत्या. त्यांची उंची कोणी कमी करायची आणि कोणाच्या पैशाने, हा प्रश्न मार्गदर्शक तत्त्वांत नव्हता.

२०२५ मध्ये याचीच आवृत्ती निराळ्या रूपात निघाली. मुंबई उच्च न्यायालयाने ३० जानेवारीला प्लास्टरबंदीच्या कठोर अंमलबजावणीचे आदेश दिले. पुढे अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीचा अहवाल आला. ९ जूनला न्यायालयाने अशा मूर्ती घडविण्यास आणि विकण्यास मुभा दिली, मात्र नैसर्गिक जलाशयांतील विसर्जनाला मनाई ठेवली. २४ जुलैला सहा फुटांहून उंच मूर्तींपुरती तीही सैल झाली. चतुर्थी २७ ऑगस्टची. कोणता निर्णय योग्य होता, हा या लेखाचा विषय नाही. पाण्याची हानी खरी आहे आणि न्यायालयाने तिची दखल घेणे आवश्यकच होते. लक्ष वेधायचे आहे ते वेळापत्रकाकडे. मूर्तीचा हंगाम विसर्जनानंतर लवकरच सुरू होतो. जानेवारीत कारखाना निम्म्या वाटेवर असतो. जानेवारी ते जून या काळात साच्यात ओतावे की ओतू नये, हेच ठाऊक नसलेल्या माणसाच्या दिवसांची मजुरी कोणत्याही निकालपत्रात मोजली जात नाही.

शासनाचे या कारागिराकडे लक्षच नाही असे म्हणता येणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत मूर्तिकार आहे. तो पाथरवट आणि दगड फोडणारा यांच्याच गटात आहे, हे करमरकरांच्या गावाजवळ वाचताना काहीसे मौजेचे वाटते. योजनेत प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी साहाय्य आहे, पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाखाचे आणि मग दोन लाखांचे कर्ज आहे. हंगाम बुडाल्यास काय, याचे उत्तर नाही. ज्याची अडचण मुळात कर्जाच्या फेडीची आहे, त्याला आणखी स्वस्त कर्ज देणे एवढाच विचार त्यात दिसतो.

दुसऱ्या टोकाला, 'कलावंता'साठी, कायद्याने निराळी तरतूद केली आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३-अ आले. मूळ चित्र, शिल्प वा रेखाटन दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेल्यास त्या विक्रीच्या किमतीत निर्मात्याला किंवा त्याच्या वारसांना दहा टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो. २००२ मध्ये तय्यब मेहता यांच्या चित्राला लिलावात सुमारे दीड कोटी रुपये मिळाले आणि भारतीय चित्रांच्या किमतींचे युग बदलले. त्या बदलात कलम ५३-अ चा आधार घेऊन चित्रकारांच्या घरी वाटा पोहोचू लागला, असे काही दिसले नाही. हक्क कागदावर आहे. तो मागणारा चित्रकार पुढच्या विक्रीसाठी त्याच दालनांवर अवलंबून असतो. मग मागणार कोण? आणि पेणचा नमुना घडविणारा? त्याचा मूळ नमुनाही शिल्पच आहे. पण त्याची विक्री एकदाच, साच्यासाठी होते. त्यानंतर हजारो प्रती निघतात, त्या प्रतींवरून दुसरा कोणी परत साचा काढतो, आणि पुनर्विक्री या शब्दाला तिथे अर्थच उरत नाही. कलावंत आणि कारागीर यांतील भेद सौंदर्यशास्त्राने निर्माण केला असेल. तो टिकविण्याचे काम आता कायद्याची परिभाषा करते.

गेल्या दशकात हा किनारा कलाविश्वाच्या दृष्टीनेही बदलला. दशरथ पटेल यांचे अखेरचे वास्तव्य अलिबागचे. २०१० साली त्यांचे निधन झाले. मुंबईतील 'द गिल्ड' हे कलादालन अलिबाग परिसरात आले. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवा सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. मुंबईत जागा न परवडणाऱ्या चित्रकाराला किनाऱ्यावर प्रशस्त कार्यशाळा मिळते आणि नंतर तीच जमीन त्यालाही न परवडणारी होते. हे जगभर घडते. इथे त्याचा वेग अधिक आहे, इतकेच. या नव्या कलाविश्वातही ओतकाम करणारे, चौकटी बांधणारे, खोक्यांत भरणारे, रात्री राखण करणारे हात लागतातच. फायबरचे भव्य शिल्प उभे राहते तेव्हा त्यामागे साचा जाणणारा कोणी असतो. तो कधी पेणच्या कारखान्यातील माणसाचाच भाऊबंद असतो का, हे शोधण्याजोगे आहे. प्रदर्शनाच्या पुस्तिकेत त्याचे नाव छापणे खर्चाचे काम नाही.

आपल्या महाविद्यालयांतून हा विषय शिकवायचा झाल्यास एक संकोच वाटेल, तो मान्य केला पाहिजे. राज्यातील कलाशिक्षणात, आणि तितक्याच प्रमाणात आपल्या विद्याशाखांत, तासिका तत्त्वावर किंवा कंत्राटावर शिकविणाऱ्यांची एक मोठी फळी वर्षानुवर्षे उभी आहे. जूनमध्ये नेमणूक, मार्च-एप्रिलमध्ये विराम, झालेल्या तासांचे मानधन कधी येईल ते येईल. हंगामी मजुरी आणि उचल या शब्दांचा अर्थ अशा अध्यापकाला निराळा समजावून सांगावा लागत नाही. अस्थिर श्रमावरील निबंध अनेकदा तोच वाचतो, तोच लिहितो.

पेण परिसरातील साचेकारांची, आखणी करणाऱ्यांची, घासकाम करणाऱ्या स्त्रियांची नावानिशी नोंद करण्याचे काम जिल्ह्यातील महाविद्यालयांना हाती घेता येण्यासारखे आहे: कोणता नमुना कोणाचा, कोणत्या साली, किती रुपयांना गेला, त्यावरून किती साचे निघाले. मराठी, अर्थशास्त्र आणि इतिहास या तीन विभागांना मिळून एका हंगामात त्याचा आरंभ करता येईल. दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांत नवे नमुने घडू लागतात तेव्हा जावे. जुलै-ऑगस्टमध्ये बोलायला तिथे कोणाला सवड नसते.